घळीच्या तोंडाशी घर: भिंतीच्या उंचीआधीचे प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंगराच्या पायथ्याशी, एका घळीच्या तोंडासमोर तुमची जागा आहे आणि तिथे घर बांधायचं आहे. घळ बहुतेक वर्षभर कोरडी असते, जोराच्या पावसात गुडघाभर पाणी वाहतं. आजूबाजूचे लोक सांगतात की चाळीस वर्षांत तिथे काही घडलेलं नाही. ठेकेदार म्हणतो, वरच्या बाजूला दहा फुटांची गॅबियन भिंत (तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली) घाला आणि निर्धास्त राहा. दहा फूट पुरतील की पंधरा लागतील, असं तुम्ही विचारलं आहे.

उंचीचा आकडा मी आत्ता देऊ शकत नाही. जागा न पाहता दुसऱ्या कुणी दिला, तर त्यावरही विसंबू नका. उंची ही या हिशोबातली शेवटची पायरी आहे. त्याआधीचा प्रश्न असा: ही घळ एका वेळी किती दगडमाती खाली आणू शकते, आणि ती आलीच तर कुठे वळून कुठपर्यंत पसरेल? याचं उत्तर मिळालं की भिंतीची उंची ठरवता येते. कधी कधी असंही निघतं की भिंत नकोच, घर शंभर मीटर बाजूला हवं. मी अभियांत्रिकी भूविज्ञानात काम करतो आणि डोंगरातल्या घळींची पाहणी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. प्रत्यक्ष पाहणीत ज्या क्रमाने विचार करतो, त्याच क्रमाने सांगतो.

आधी येणार काय आहे, ते पाहू. तुम्ही आणि ठेकेदार दोघंही मनात पाणी धरून चालला आहात. मोठ्या पावसात अशा घळीतून दगड, माती आणि पाणी यांचा एकजीव लोंढा येऊ शकतो. आमच्या कामात त्याला डेब्री फ्लो म्हणतात. त्याच्या आकारमानात निम्म्याहून अधिक, कधी सत्तर टक्क्यांच्या आसपास, दगडमातीच असते. घनता पाण्याच्या दुपटीजवळ जाते. तो ओल्या काँक्रीटसारखा वाहतो. साध्या पुराच्या पाण्यात जे धोंडे तळाशी पडून राहिले असते, ते हा लोंढा सहज वाहून आणतो. मोठे धोंडे मागे न राहता पुढच्या टोकाला जमतात, म्हणून सगळ्यात आधी येऊन आदळतो तो धोंड्यांचा ढीग आणि त्याच्यामागे दाट चिखल. वेग सेकंदाला दोन-तीन मीटरपासून दहा मीटरच्या वरही जातो. शिवाय एक लोंढा आला आणि संपलं असं होत नाही. काही मिनिटांच्या किंवा तासांच्या अंतराने मागून आणखी येतात.

सुरुवात साधारण दोन तऱ्हांनी होते. एकीत वरच्या उतारावरची माती पाण्याने भरते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, माती खालच्या खडकावरची पकड सोडते आणि घसरलेली दरड घळीत पडून पातळ होते. दुसरीत दरड कोसळावी लागतच नाही. कातळावरून धावत आलेलं पाणी घळीच्या तळातला सैल माल उचलतं आणि बघता बघता पाण्याचा प्रवाह दगडांचा होतो. पुढची गोष्ट दोन्हींत सारखीच: वाटेतला तळ आणि काठ खरवडत लोंढा वाढत जातो. वर सुटलेली दरड लहानशीच असते आणि खाली पोहोचलेला माल तिच्या दहा-वीसपट असतो, हे अनेक घळींत दिसतं.

आता ठेकेदाराची भिंत या लोंढ्यासमोर उभी करून पाहू. लोंढ्याची घनता घनमीटरला दोन टन आणि वेग सेकंदाला आठ मीटर धरला, तर घनता गुणिले वेगाचा वर्ग या साध्या सूत्राने दाब येतो चौरस मीटरला सुमारे तेरा टन. लोंढ्याची खोली दीडच मीटर मानली, तरी भिंतीच्या दर मीटर लांबीवर जवळजवळ वीस टनांचा रेटा येतो. दहा फूट उंच, एक मीटर जाड गॅबियन भिंतीच्या एक मीटर लांबीच्या तुकड्याचं वजन सुमारे पाच टन असतं आणि जमिनीशी घर्षणातून ती तीन टनांच्या आसपास रेटा पेलते. यात एखाद्या मोठ्या धोंड्याचा थेट आघात धरलेलाच नाही, आणि आराखडा करताना या दाबाला वाढीव गुणक लावावा लागतो तोही नाही. अशी भिंत लोंढा थांबवत नाही, स्वतःचे दगड त्यात घालते. म्हणून "दहा की पंधरा" या प्रश्नात मला आत्ता रस नाही. पंधरा फुटांची तशीच भिंतही तशीच ढकलली जाईल.

चाळीस वर्षांच्या शांततेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याच वाक्यावर बहुतेक निर्णय घेतले जातात. लोक खोटं सांगत नसतात. पण त्या माहितीचा अर्थ घळीच्या जातीवर अवलंबून असतो. काही घळींच्या माथ्यावर खडक इतका ठिसूळ असतो की माल कधी संपतच नाही. स्वित्झर्लंडमधल्या इलग्राबेन या घळीचं २००० सालापासून यंत्रांनी निरीक्षण चालू आहे. तिथे वर्षाला अनेक लोंढे येतात आणि म्हणूनच तिथे कुणी गाफील नसतं. अशा घळीत मोठा पाऊस होऊनही चाळीस वर्षं काही आलं नसेल, तर ती माहिती खरोखर दिलासा देणारी म्हणता येईल. दुसऱ्या जातीच्या घळीत खडक टणक असतो, माल हळूहळू साचतो. एकदा मोठा लोंढा येऊन गेला की तळ कातळापर्यंत खरवडला जातो आणि पुन्हा भरायला कित्येक दशकं लागतात. तोवर जोराचा पाऊस झाला तरी खाली नुसतं गढूळ पाणी येतं. तुमची घळ या जातीची असेल, तर चाळीस वर्षं शांत राहणं म्हणजे चाळीस वर्षं माल साचणं. जातीचा उलगडा लोकांच्या आठवणीतून होत नाही, घळीत चढून तळ पाहिल्यावर होतो.

संभाव्यतेचा हिशोबही करून ठेवा. सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणारा लोंढा पन्नास वर्षं टिकणाऱ्या घराच्या आयुष्यात एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. तीनशे वर्षांतून एकदा येणारा धरला तरी ती १५ टक्के आहे. दोन्ही बाबतींत चाळीस वर्षांत काहीच न घडणं अगदी स्वाभाविक आहे.

पाहणी मी नेहमी खालून सुरू करतो. घळ जिथे डोंगरातून बाहेर पडते तिथे तिने आणलेल्या मालाचा पंख्याच्या आकाराचा उंचवटा तयार झालेला असतो. डोंगराळ भागात घर बांधायला सोयीची, थोडीशी उताराची, निचरा होणारी जमीन बहुधा हीच असते आणि तुमची जागाही तुमच्या वर्णनावरून अशाच पंख्यावर आहे. हा पंखा घळीनेच बांधलेला आहे. प्रश्न एवढाच की पाण्याने बांधला की लोंढ्यांनी, आणि शेवटचा थर कधी पडला. व्हेनेझुएलाच्या वार्गास किनाऱ्यावर समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या अशाच पंख्यांवर दाट वस्ती झाली होती. डिसेंबर १९९९ मध्ये तिथे तीन दिवसांत नऊशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि घळींनी आपल्या पंख्यांवर नवा थर घातला. हजारो माणसं गेली.

तुमच्या पंख्यावर काय शोधायचं ते सांगतो. हे तुम्ही स्वतःही पाहू शकता. कुठे ओढ्याचा काठ कापला गेला असेल, विहीर किंवा पायाचा खड्डा खणला असेल, तिथे उभा छेद बघा. वाहत्या पाण्याने टाकलेल्या गाळात थर दिसतात. वाळू, गोटे वेगवेगळे बसलेले असतात आणि चपटे गोटे एकमेकांवर रेलून एकाच दिशेला झुकलेले असतात. लोंढ्याने टाकलेल्या मालात हे काही नसतं. चिखल, खडे आणि मोठे धोंडे एकत्र कालवलेले, धोंडे एकमेकांना न टेकता मातीत अधांतरी अडकलेले, आणि पुष्कळदा मोठे धोंडे तळाशी नसून थराच्या वरच्या भागात. असा थर दिसला की घळीने लोंढा आणला होता हे सिद्ध झालं. दोन थरांच्या मध्ये काळपट, मुळ्यांच्या खुणा असलेली जुनी माती सापडली, तर मध्ये जमीन बराच काळ शांत होती हे कळतं. तिथे जळलेलं लाकूड किंवा कोळसा मिळाला तर प्रयोगशाळेत त्याचं वय काढता येतं आणि दोन लोंढ्यांमधल्या काळाचा अंदाज बांधता येतो.

पृष्ठभागावरही खुणा असतात. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना, पाण्यापासून बऱ्याच उंचीवर, दगडांच्या लांबट वरंब्यांसारख्या रांगा दिसल्या, तर लोंढा कडेला माल टाकत गेला असं समजायचं. पंख्यावर जिभेच्या आकाराचे उंचवटे आणि त्यांच्या पुढच्या टोकाला धोंड्यांचा ढीग दिसला, तर एक लोंढा तिथे येऊन थांबला होता. ओढ्याला आज जे पाणी येतं त्याला हलवता न येणारे, खोलीएवढे धोंडे उताराच्या मध्येच एकटे पडलेले असतील, तर ते डोंगरावरून गडगडत आले की घळीतून, हे त्यांच्या जागेवरून आणि खडकाच्या प्रकारावरून तपासावं लागतं. झाडं तर साक्षीदारच असतात. वरच्या अंगाला साल खरवडल्याच्या जुन्या जखमा, बुंधा मातीत गाडला जाऊन वरून फुटलेली नवी मुळं, एकाच पट्ट्यात सारख्याच वयाची झाडं. जखमेनंतरची वाढीची वलयं मोजून लोंढ्याचं वर्ष ठरवता येतं, अर्थात वर्षाला एक स्पष्ट वलय धरणाऱ्या झाडांतच.

नकाशांबद्दल एक सावधगिरी. दरडींचे विभागीय नकाशे अनेकदा १:५०,००० या प्रमाणावर असतात. तिथे एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. दहा मीटर रुंदीची घळ अशा नकाशावर रेघेपेक्षाही बारीक ठरते. तुमची जागा त्या नकाशावर कमी धोक्याच्या रंगात आली म्हणून निश्चिंत होऊ नका. तो नकाशा कुठल्या भागात बारकाईने पाहायचं हे ठरवण्यासाठी असतो, एका घराच्या पायासाठी नव्हे.

खालून खुणा सापडल्या की वर जायचं. सुरुवातीला एक ढोबळ चाळणी लावता येते. घळीच्या पाणलोटाच्या माथ्यापासून पंख्याच्या वरच्या टोकापर्यंतची, म्हणजे घळ जिथे मोकळ्यावर येते तिथपर्यंतची, उंची घ्या आणि तिला पाणलोटाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा. याला मेल्टन गुणोत्तर म्हणतात. समजा पाणलोट ४० हेक्टरांचा, म्हणजे ०.४ चौरस किलोमीटर, आणि उंचीतला फरक ५०० मीटर; गुणोत्तर सुमारे ०.८ येतं. साधारण ०.६ च्या वर आणि पाणलोट आखूड असेल, तर लोंढ्याची शक्यता धरूनच चालावं. ०.३ ते ०.६ मध्ये बहुधा गाळाने भरलेला पूर येतो, त्याखाली साधा पूर. हे आकडे प्रदेशानुसार सरकतात, म्हणून चाळणीतून निघालेला निकाल अंतिम मानू नका. पण छोटा, खडा पाणलोट मोठ्या ओढ्यापेक्षा कमी धोक्याचा असा जो सर्वसाधारण समज आहे, तो या गुणोत्तरापुढे टिकत नाही.

त्यानंतर माल मोजायचा. माझ्या मते संपूर्ण पाहणीत सगळ्यात मोलाचं काम हेच आहे आणि बहुतेक वेळा टाळलं जातं तेही हेच, कारण त्यासाठी घळीतून पायी चढावं लागतं. मी घळीचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्याचा उतार मोजतो, तळ कातळाचा आहे की सैल मालाचा ते पाहतो, आणि लोंढा आला तर त्या तुकड्यातून दर मीटर लांबीमागे किती घनमीटर माल उचलला जाईल याचा अंदाज करतो. उघड्या कातळाच्या तुकड्यातून जवळजवळ काही नाही. खोल भरलेल्या, ढासळत्या काठांच्या तुकड्यातून मीटरला दहा घनमीटर किंवा जास्तही. साधारणपणे २५ अंशांच्या वर उगम, त्याखाली वाहण्याचा आणि खरवडण्याचा टप्पा, आणि १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली, विशेषतः घळ मोकळ्यावर आली की, माल टाकण्याचा टप्पा. चिखलाचं प्रमाण जास्त असलेले लोंढे मात्र तीन-चार अंशांवरही वाहत राहतात. जपानच्या कायद्यात लोंढ्याच्या इशारा-क्षेत्रात दोन अंशांपर्यंतच्या उताराची जमीन धरतात, हे लक्षात घेतलं की "इथे तर जवळजवळ सपाट आहे" या युक्तिवादाची मर्यादा कळते.

वर काल्पनिक घेतलेल्या घळीचाच हिशोब पुढे नेऊ. मुख्य घळीत सैल तळाचे ९०० मीटर, मीटरमागे सहा घनमीटर: ५,४००. एका उपघळीचे ४०० मीटर, मीटरमागे चार: १,६००. वरची संभाव्य दरड: ६००. बेरीज ७,६००. खरवडण्याच्या अंदाजात मोठी अनिश्चितता असते म्हणून मी एक आकडा कधीच देत नाही. इथे पाच ते बारा हजार घनमीटर असा पल्ला देईन आणि आराखड्यासाठी दहा हजार धरीन. दहा हजार घनमीटर म्हणजे एक हेक्टर जमिनीवर एक मीटर जाडीचा थर. हा आकडा मग पंख्यावर सापडलेल्या जुन्या जिभांच्या आकारमानाशी ताडून पाहतो. दोन्हींत फार तफावत असेल तर कुठेतरी काही सुटलं आहे, पुन्हा वर जायचं.

याच आकड्यातून सर्वाधिक प्रवाह काढतात. रिकेनमान यांनी १९९९ मध्ये जगभरच्या नोंदींवरून दिलेलं सूत्र सोपं आहे: आकारमानाचा ०.८३३ वा घात, गुणिले ०.१. दहा हजार घनमीटरला सेकंदाला सुमारे २१५ घनमीटर येतात. आता त्याच ४० हेक्टरांवर तासाला शंभर मिलिमीटर पाऊस पडून एक थेंबही न मुरता वाहिला, तर पाण्याचा प्रवाह येतो सेकंदाला अकरा घनमीटर. रस्त्याखालची मोरी बांधणारा अभियंता या अकराचा विचार करतो. म्हणून लोंढ्यात मोऱ्या तुंबतात, आणि मोरी तुंबली की मागून येणारा माल ओढ्याचा मार्ग सोडून ज्या बाजूला उतार मिळेल तिकडे वळतो. पंख्यावरची घरं पुष्कळदा अशा वळलेल्या लोंढ्यात जातात. ओढ्यापासून बरंच दूर असूनही. तुमच्या जागेच्या वर रस्ता आणि मोरी आहे का, हे तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. असेल तर माझ्या दृष्टीने ती तुमच्या भिंतीपेक्षा महत्त्वाची आहे.

वेगाचा अंदाजही जमिनीवरूनच घेता येतो. वळणावर लोंढा बाहेरच्या काठावर जास्त उंच चढतो आणि चिखलाची रेघ सोडून जातो. दोन काठांवरच्या रेघांच्या उंचीतला फरक, घळीची रुंदी आणि वळणाची त्रिज्या मोजली की वेग निघतो. त्रिज्या ५० मीटर, रुंदी १०, फरक दीड मीटर असेल तर वेग येतो सेकंदाला साडेआठ मीटरच्या आसपास. अशा वेगाने दीड किलोमीटर घळ उतरायला तीन मिनिटंही लागत नाहीत. धोक्याच्या इशाऱ्याबद्दल पुढे लिहिलं आहे, तिथे ही तीन मिनिटं लक्षात ठेवा.

पावसाचं कोडं जास्त अवघड आहे. नेल केन यांनी १९८० मध्ये जगभरातल्या घटनांवरून एक किमान सीमा मांडली. तिच्यानुसार तासाभरात सुमारे १५ मिलिमीटर किंवा दहा तासांत सुमारे ६० मिलिमीटर पावसाखाली उथळ दरडी आणि लोंढे सहसा होत नाहीत. जिथे धुवाधार पाऊस नेहमीचाच आहे तिथे ही सीमा दर पावसाळ्यात ओलांडली जाते आणि काहीच होत नाही, म्हणून प्रत्येक प्रदेशाला स्वतःची सीमा काढावी लागते. शिवाय आधीची ओल निर्णायक ठरते. केरळमधल्या वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ च्या पहाटे लोंढा आला, त्याआधीच्या ४८ तासांत त्या भागात ५७२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. माल सुमारे आठ किलोमीटर खाली गेला. त्याच परिसरात १९८४ आणि २०२० मध्येही दरडी कोसळलेल्या होत्या. उलट, कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोला ९ जानेवारी २०१८ रोजी लोंढा यायला थोड्याच वेळाचा पण तीव्र पाऊस पुरला, कारण डिसेंबर २०१७ मध्ये वरचे उतार वणव्यात जळून गेले होते. तेव्हा तुमच्या पाणलोटात गेल्या काही वर्षांत वणवा लागला आहे का, झाडं तोडली आहेत का, आणि विशेषतः वरच्या रस्त्याच्या कामातला मुरूम आणि डबर घळीत ढकललेला आहे का, हे आधी तपासा. शेवटची गोष्ट मला फार खटकते. दशकानुदशकं हळूहळू साचणारा माल माणूस एका हंगामात घळीत आणून टाकतो, आणि माझा वरचा सगळा हिशोब त्या दिवशी जुना होतो.

इथवरचा धागा एकदा जुळवून घेतो: पंख्यावरच्या खुणांवरून लोंढा येतो की नाही, घळीतल्या सैल मालावरून तो किती मोठा, वळणांवरून वेग, आणि उतार व अडथळ्यांवरून वाट. आता धोका कमी कसा करायचा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्या वाटेत न राहणं. जागेचा सगळा भाग सारख्या धोक्याचा नसतो. पंख्याचा माथा, म्हणजे घळ जिथे मोकळ्यावर येते तो भाग, आणि आजच्या ओढ्याच्या दोन्ही बाजू सर्वांत वाईट. जुन्या पंख्याचा एखादा भाग ओढ्याने खोल कापल्यामुळे उंच राहिलेला असेल, तर तो बराच सुरक्षित असू शकतो, मात्र ओढ्याचं पात्र तुंबून तेवढं वर येऊ शकत नाही हे हिशोबाने दाखवता आलं पाहिजे. किती धोका चालेल हा प्रश्न शेवटी तुमचा आहे, पण एक माप देतो: हाँगकाँगमध्ये एका व्यक्तीच्या मृत्यूचा वार्षिक धोका आधीपासून असलेल्या उतारांखाली दहा हजारांत एक आणि नव्या उतारांखाली एक लाखात एक, याहून जास्त सहन करत नाहीत. नवं घर बांधताना कडक माप लावणं शक्य असतं, कारण जागा बदलण्याची मुभा अजून हातात असते.

वर, उगमाकडे करायच्या कामांत निचरा पहिला. रस्त्याच्या गटाराचं पाणी एका जागी उतारावर सोडलं जात असेल तर ते वळवणं हे कमी खर्चात सर्वाधिक फायदा देणारं काम असतं. झाडांची मुळं वरची मीटर-दोन मीटर माती धरून ठेवतात, त्यामुळे उथळ दरडींवर लागवडीचा उपयोग होतो. खोल दरडींवर आणि घळीच्या तळातल्या मालावर फारसा नाही. घळीत पायऱ्यांसारखे बंधारे घालून तळाचा उतार कमी करतात आणि खरवडणं थांबवतात. हे जगभर चालतं, पण बंधाऱ्यांची मालिका तिच्यातल्या सर्वांत कमकुवत बंधाऱ्यावर टिकून असते. चीनमधल्या झोऊचू इथे ऑगस्ट २०१० मध्ये सुमारे दीड हजार लोक गेले. तिथल्या घळीत दगडी बंधारे होते. ते फुटले आणि त्यांच्यामागे साचलेला मालही लोंढ्यात आला. कमकुवत बंधारा हा पुढच्या लोंढ्यासाठी साठवलेला माल असतो. तुमच्या घळीत पाणी अडवण्यासाठी घातलेले जुने नालाबांध असतील तर त्यांची स्थिती पाहून घ्या.

मध्ये किंवा पंख्याच्या माथ्यावर माल अडवण्याची कामं येतात. उभ्या फटींचे किंवा पोलादी नळ्यांचे खुले बंधारे रोजचं पाणी आणि बारीक गाळ जाऊ देतात, धोंडे अडवतात. जपानमध्ये साबो नावाने ही परंपरा फार विकसित झाली आहे. पोलादी कड्यांच्या लवचिक जाळ्या लहान लोंढ्यांना, साधारण हजार घनमीटरच्या पल्ल्यात, चांगल्या पडतात. आपल्या काल्पनिक घळीच्या दहा हजारांना एक जाळी पुरणार नाही. मोठ्या मालाला साठवण-खड्डा लागतो आणि त्याची जागा एका माणसाच्या प्लॉटमध्ये मावत नाही. हे सगळं एकदा भरलं की रिकामं करावं लागतं. यंत्र तिथवर जाईल असा रस्ता नसेल आणि उपसण्याची जबाबदारी कुणाची हे लिहून ठेवलेलं नसेल, तर अशी रचना एका लोंढ्यापुरतीच आहे असं समजा.

एकट्या घरमालकाच्या हातात येतो तो वळवण्याचा उपाय. लोंढ्याला समोरून अडवण्याऐवजी तिरक्या, दाबून भरलेल्या मातीच्या बांधाने बाजूला काढलं, तर दाब बराच कमी होतो. पण वळवलेला लोंढा कुठे जातो? खाली शेजाऱ्याचं घर असेल तर तुम्ही स्वतःचा धोका त्याच्या दारात नेला. असा बांध सगळ्या पंख्याचा मिळून आखला पाहिजे. घर बांधायचंच झालं तर वरच्या बाजूची भिंत सलग प्रबलित काँक्रीटची ठेवा, त्या बाजूला दारं-खिडक्या देऊ नका, झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर आणि खालच्या अंगाला घ्या. घरापर्यंतच्या वाटेवर मोरीऐवजी, पाणी वरून वाहून जाईल अशी उथळ फरशी करा, म्हणजे तुंबायला काही उरत नाही. हे उपाय लहान लोंढ्यात जीव वाचवतात, मोठ्यात त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

इशाऱ्याबद्दल. घळीत बसवलेली कंपनमापक यंत्रं किंवा तुटणाऱ्या तारा लोंढा सुटल्यावर इशारा देतात. तुमच्याकडे त्यानंतर तीन मिनिटं उरतात. रस्त्यावरची वाहतूक थांबवायला तेवढी चालतात, झोपलेलं घर रिकामं करायला नाही. घरांसाठी इशारा पावसावरच बांधावा लागतो: जमीन आधीच चिंब असताना तासाचा पाऊस अमुक एका आकड्यावर गेला की काही झालेलं नसतानाही बाहेर पडायचं. पाच वेळा व्यर्थ बाहेर पडावं लागेल, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असावं. साधं पर्जन्यमापक अंगणात ठेवून नोंदी घेणं आजपासून सुरू करा. जोराचा पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी अचानक आटलं तर वर कुठेतरी माल अडकला आहे आणि तो सुटणार आहे. पाणी एकदम गढूळ होणं, घळीतून घरघर आणि दगड आपटल्याचे आवाज, झाडं मोडल्याचा कडकडाट, ओल्या मातीचा उग्र वास, यांतलं काहीही जाणवलं की निघायचं. ओढ्याच्या कडेने खाली पळू नका, आडवं जाऊन पंख्याबाहेरची उंची गाठा. आणि पहिला लोंढा गेल्यावर मदतीसाठी किंवा सामानासाठी लगेच परत जाऊ नका. वायनाडमध्ये पहिल्या लोंढ्यानंतर काही तासांनी, पहाट व्हायच्या आत, दुसरा आला होता.

पुढे जायचं असेल तर पंख्याच्या माथ्यापासून घळीच्या तळाचे, दर पन्नास मीटरवर वर आणि खाली अशा दोन्ही दिशांनी काढलेले फोटो मला दाखवा. प्रत्येकात मापासाठी माणूस किंवा काठी उभी असू द्या. काठाच्या छेदाचे जवळून, वरच्या रस्त्याचे आणि मोरीचेही हवेत. मोबाइलवरच्या कोनमापकाने जागेचा आणि घळीच्या शेवटच्या तुकड्याचा उतार मोजा. एकटे जाऊ नका, आणि आधीचे काही दिवस पाऊस झालेला नसेल आणि वरही आकाश निरभ्र असेल तेव्हाच जा.